मामांची आठ आकडी संख्या

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा मी सासऱ्यांच्या देखत, शेजारच्या चार माणसांच्या साक्षीनं जाहीर केलं की त्यांच्या संख्येला सातानं भाग जातो.

सासरे नांदेडला राहायचे. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणायचो. त्यांची एक संख्या आहे आणि तिच्यावर त्यांचा लई जीव आहे, एवढं बायकोकडून कानावर आलं होतं. मी तयारीनं गेलो होतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि तिथल्या एका नव्या कचेरीत मी कारकून होतो. कचेरीत एकच कॅल्क्युलेटर होता, हेडक्लार्कच्या कुलपातला. दोन दिवसांसाठी तो मी विनवण्या करून, सही करून आणला होता. सासरी छाप पाडायची तर गड्यानं काहीतरी न्यावंच लागतं. लोक पेढे नेतात. मी यंत्र नेलं.

भिंतीला टेकून बसलेल्या मामांनी संख्या सांगितली. मी बटणं दाबली. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. भागिले सात. खिडकीत आकडे उमटले, १०५६२७३३. पुढं ना टिंब, ना अपूर्णांक.

"जातो की भाग!" मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारची माणसं दारात आली.

मामांनी मान वर केली नाही. जमिनीकडं बघत, पाढे म्हणायच्या लयीत ते पुटपुटत गेले आणि शेवटच्या पायरीवर जरा मोठ्यानं म्हणाले, "तेवीस. सात त्रिक एकवीस. उरले दोन." मग माझ्या हातातलं यंत्र घेऊन डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या यंत्राच्या खिडकीत आठच जण बसतेत. उरलेले बाहेर उभे हायती. त्येन्ला इचारायचं ऱ्हायलं."

दारातली माणसं हसली. बायको आत गेली. ती हसायला गेली की लाजून गेली, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या दिवशी मामांनी मला यंत्रावर बाकी कशी काढायची ते शिकवलं. भागायचं, पूर्ण आकडा तेवढा कागदावर घ्यायचा, त्याला परत भाजकानं गुणायचं आणि मूळ आकड्यातून वजा करायचं. जे उरेल ती बाकी. यंत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं होतं आणि वापरायचं कसं ते मला शिकवत होते. मी माना डोलवत होतो. त्या कामात मी तेव्हाही हुशार होतो.

संख्येची गोष्ट त्यांनी रात्रीच्या जेवणावर सांगितली.

बहात्तरच्या दुष्काळात मामा इस्लापूरच्या बाजूला एका खेड्यात शाळामास्तर होते. आपल्या वस्तीतून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस. त्या साली सहस्रकुंडाच्या धबधब्याचा नुसता काळा खडक उरला होता. पाटी पुसायला पाणी नव्हतं, पोरं बाहीनं पुसायची. मग पोरंही कमी होत गेली. आईबाप खडी फोडायच्या कामावर गेले की पोरं मागोमाग जायची, तिथं खायला सुकडी तरी मिळायची. वर्ग मागच्या बाजूनं रिकामा होत आला. आधी शेवटची ओळ गेली, मग तिच्या पुढची.

त्या आठवड्यात मामा मूळ संख्या शिकवत होते. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुणाचा भाग जात नाही ती मूळ संख्या. फळ्यावर त्यांनी सात लिहिला. सात मूळ. पुढं तीन लिहिला. त्र्याहत्तर, तीही मूळ. पुढं नऊ. सातशे एकोणचाळीस, तीही मूळ. पोरं नव्हतीच, तर मास्तर एकटेच पुढं पुढं आकडे जोडत बसले. ७३९३. ७३९३९. ७३९३९१. प्रत्येक वेळी पुढचा आकडा असा शोधायचा की नवी संख्याही मूळच निघाली पाहिजे. आकडा वाढला की तपासायचे भाजकही वाढत जायचे. सात आकडी संख्येपर्यंत यायला त्यांना तो दुष्काळ आणि त्याच्या पुढचे दोन उन्हाळे लागले.

"आता उलटं बघा," ते म्हणाले आणि ताटातल्या भाकरीच्या तुकड्यानं पाटावर आठ आकडे लिहिल्यासारखं केलं. "शेवटचा तीन पुसा. ऱ्हायली ती मूळ. त्येच्या मागचा पुसा. तरी मूळ. मागनं एकेक जाऊ द्या, पार सातापत्तूर या. जे ऱ्हातं ते तुटत न्हाई."

"आणि ही आठ आकडी?" मी विचारलं.

"तेच तर करून राहिलो," मामा म्हणाले.

आठ आकडी संख्या मूळ आहे हे नक्की करायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून बघावं लागतं. वर्गमूळ आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढं. तिथवर मूळ संख्या हजाराच्या वर. म्हणजे हजाराच्या वर भागाकार, एकेक पाटीवर, आणि एकाही ठिकाणी बाकी शून्य येता कामा नये. शून्य आली की दहा-अकरा वर्षांचा खेळ तिथंच संपला. मामा पेन्सिलीनं पाटीवर भागायचे, बाकी तेवढी कागदावर उतरवायचे आणि पाटी पुसून टाकायचे. कागद म्हणजे परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी. एका कडेला भाजक, समोर बाकी. ओळीनं, सुबक.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा. मनात म्हणालो, माणसाला पेन्शन मिळाली की काय काय सुचतं. हे मी बोललो नाही, एवढीच माझी त्या काळातली अक्कल.

दीड-दोन वर्षांनी मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, आहे ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. बायकोचे तेव्हा दिवस भरत आले होते. तिला बाळंतपणाला नांदेडला पोचवायला गेलो तर मामांनी मला जवळ बसवलं आणि कागदांची एक जुडी मांडीवर ठेवली.

"पाच हजारापत्तूर झालंय. फुडं साधारण चारशे ऱ्हायलेत. भाजक मी सगळे लिवून ठिवलेत, शेवटचा पंच्याऐंशीशे सत्त्याण्णव. बाकीची जागा कोरी हाय. मला आता माझंच अक्षर दिसंना. तुमच्याकडं यंत्र हाय."

"करतो की मामा."

"शून्य नसली तरी बाकी लिवायची. नुस्तं 'जात नाही' असं चालत न्हाई. बाकी लिवली म्हंजे माणसानं केलंय हे कळतं."

"हाव मामा."

"आन शून्य आली तर लपवायचं न्हाई."

मी छातीवर हात ठेवला.

लातूरला परत आलो आणि कामाला लागलो. खरंच लागलो. पहिला भाजक ५००३. भागाकार १४७७८, बाकी ४७९९. कोऱ्या जागेत मी बाकी लिहिली. मामांच्या अक्षरापुढं माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय उमटवावेत तसं. दुसरा ५००९. मग ५०११. एका बैठकीत अकरा झाले आणि बोट दुखायला लागलं. बोट दुखलं म्हणून काम सोडणारा माणूस मामांच्या घरात मीच पहिला असेन.

त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिला. बहात्तरसारखा नव्हे, पण तालुक्या-तालुक्यातून आणेवारी मागवावी लागली. आणेवारी म्हणजे गावातलं पीक सोळा आण्यांत किती आणे आलं त्याचा अंदाज, त्यावर दुष्काळ जाहीर व्हायचा की नाही ते ठरायचं. जिल्हा नवा. उस्मानाबादहून ट्रकांत भरून आलेले गठ्ठे अजून सुटले नव्हते. निलंग्याचे कागद मुरुडच्या गठ्ठ्यात सापडायचे. कचेरी भाड्याच्या घरात, फायली मोरीपर्यंत. कॅल्क्युलेटर आता हेडक्लार्कच्या कुलपातून बाहेर येईना, आला की चार टेबलांवर फिरायचा. घरी न्यायचं नाव काढलं तर साहेब म्हणाले, "का हो, घरी पण आणेवारी काढता का?"

हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं नसतं तरी मी चारशे भागाकार केले नसते, हेही तितकंच खरं आहे. मामा पाटीवर करत होते, माझ्या घरीही पाटीला बंदी नव्हती.

आठवड्यानं बायकोचं पत्र आलं. तिची तब्येत बरी होती. खाली लिहिलं होतं, "बाबा रोज विचारतात, काही आलं का. नजर आणखी कमी झाली आहे. मी दिसते की नाही तेही सांगत नाहीत."

मी पोस्टकार्ड घेतलं. एक तरी खरं असावं म्हणून शेवटच्या भाजकाचा भागाकार तेवढा केला आणि लिहिलं. "मामा, सा. न. वि. वि. राहिलेले सर्व भाजक पूर्ण झाले. एकानेही भाग जात नाही. शेवटच्या ८५९७ ला भागाकार ८६००, बाकी ४९३३. आपली संख्या मूळ आहे. सविस्तर कागद भेटीत दाखवीन."

पेटीत टाकताना मला बरं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते. एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला आनंद दिला, असं मी स्वतःला सांगितलं. वाटलं, दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळे करून टाकू. खोटं तात्पुरतं आहे, मागून खरं करून घेता येईल. कारकुनाची ही सवय असते. आधी सही, मग तपासणी.

मुलगी झाली. मी बघायला गेलो. मामा ओसरीवर बसले होते, नात मांडीवर. तिच्या तोंडावरून बोटं फिरवत होते. मी पाया पडलो.

"कार्ड पोचलं," मामा म्हणाले.

"हाव."

"ह्या पोरीचं नाक तुमच्यावाणी हाय म्हंतेत. खरं का?"

एवढंच. कागद आणले का, असं त्यांनी विचारलं नाही. मी उत्तर तयार करून नेलं होतं, ते तसंच परत आणलं.

त्या थंडीत मामा गेले. तीन दिवसांचा ताप, दवाखान्यात नेलं तेवढंच. त्रिशरण-पंचशील झालं. आठवड्यानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वस्तीतली माणसं, जुने मास्तर, कधीकाळी खडी फोडायला गेलेले आणि आता नोकरीला लागलेले विद्यार्थी आले होते. एक म्हातारे गुरुजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "माझा हा दोस्त शेवटपर्यंत एका संख्येच्या मागं होता. नजर गेली तेव्हा मी विचारलं, आता कसं रे? तर म्हणाला, ते काम आता जावयाकडं हाय. मी निर्धास्त हाय. असा जावई मिळायला नशीब लागतं."

सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हात जोडून उभा राहिलो. पलीकडं बायकांत बसलेली बायको लेकीचं झबलं सारखं करत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला वाटलं, बापाच्या आठवणीनं.

जुडी लातूरच्या घरी ट्रंकेच्या तळाशी गेली. घर बदललं की ट्रंक उघडायची, जुडी दिसायची, वर गोधडी टाकायची. किती गोधड्या टाकल्या त्याचा हिशेब नाही. बायको कधी काही बोलली नाही. ट्रंक आवरायची वेळ आली की मात्र म्हणायची, "खालचं तुमचं तुमी बघा."

वीस वर्षं तशीच गेली. लेक नांदेडला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीत तिनं घरी कॉम्प्युटर आणला. एकदा ती आईला काहीतरी दाखवत बसली होती. मी उगीच मागं उभा राहिलो आणि म्हणालो, "एक संख्या मूळ आहे का, हे सांगतं का हे?"

"सांगा."

सांगितली. वीस वर्षांत एकदाही उच्चारली नव्हती, तरी तोंडात होती. तिनं आठ आकडे दाबले, आणखी काहीतरी केलं. मी नीट वाकून बघायच्या आत म्हणाली, "मूळ आहे पप्पा." मग तिलाच त्यात गंमत वाटायला लागली. "अरे, ही तर शेवटून एकेक आकडा काढला तरी मूळच राहते! आणि पुढं नववा आकडा कुठलाही जोडा, मूळ राहत नाही. म्हणजे ही इथंच थांबते. अशी हिच्याहून मोठी दुसरी संख्याच नाही म्हणे. तुम्हाला कुठून मिळाली?"

"तुझ्या आजोबांची आहे," तिची आई म्हणाली आणि उठून आत गेली.

माझं खोटं खरं निघालं होतं. छातीवरचा दगड उतरायला हवा होता. पण मी ओसरीवर येऊन बसलो तेव्हा ध्यानात आलं की मामांना यातलं काहीच कळलं नाही. नववा आकडा लागत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आपली संख्या अशा संख्यांमधली सगळ्यात शेवटची आहे, हे माहीत नव्हतं. त्यांच्या हाती आलं होतं ते फक्त माझं पोस्टकार्ड.

त्या उन्हाळ्यात मी ट्रंक उघडली. कागद पिवळे पडले होते, घडीवर तुटले होते. बाराव्या भाजकापासून सुरुवात केली. कॅल्क्युलेटर आता घरात दोन होते, पण मी बाजारातून पाटी आणली. दुकानदारानं विचारलं, "नातवाला का?" मी हाव म्हणालो. नातू नव्हता. खोटं बोलायची सवय एका दिवसात सुटत नाही.

संध्याकाळी कचेरीतून आलो की ओसरीवर बसायचं. लातूरला त्या वर्षी नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. बायको घागरी लावून टँकरची वाट बघत रस्त्यावर आणि मी आत पाटीवर. शेजारीण एकदा तिला म्हणाली, "तुमच्या मालकांनी काय शाळा धरली का?" बायको म्हणाली, "हाव, उशिरा नाव घातलंय."

एकदा बाकी शून्य आली. लेकीच्या कॉम्प्युटरवर माझा विश्वास होता, पण त्या घटकेला नव्हता. पुन्हा भागलं, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा बघितलं तर वरची संख्याच चुकीची उतरवली होती, नऊ आणि तीनाची जागा बदलून. मामा असते तर म्हणाले असते, बाहेर कोण उभं हाय ते बघा आधी. मी पाटी बाहीनं पुसली. टँकरचं पाणी पाटीवर घालवायचं जिवावर आलं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा शेवटून दुसरा भाजक झाला. शेवटच्यापुढं बाकी वीस वर्षांपूर्वीच लिहिलेली होती, ४९३३, माझ्या तरुणपणीच्या अक्षरात. तरी मी तो भागाकार परत केला. तीच आली.

बायको चहा घेऊन आली होती. मी जुडी तिच्यापुढं ठेवली आणि सांगून टाकलं. पोस्टकार्डाचं, अकरा भागाकारांचं, पुण्यानुमोदनात हात जोडून उभा राहिलो त्याचं. बोलताना तिच्याकडं बघवलं नाही. कपातल्या चहाकडं बघत बोललो.

तिनं एकेक पान उलटून पाहिलं. अर्धी पानं बापाच्या अक्षरात, अर्धी माझ्या. मग म्हणाली, "ते कार्ड बाबांना वाचून कुणी दाखवलं? मीच ना? त्यांना दिसत कुठं होतं."

"मग?"

"दोनदा वाचायला लावलं. तारीख विचारली. मग हसले. म्हणाले, सातानं भाग घालवणारा गडी आठ दिवसांत चारशे करतो व्हय? बसल्या जागी तोंडानं शेवटचा भागाकार केला आन म्हणाले, ही येक बाकी तेवढी बरोबर हाय."

मी विचारलं, "तू एवढी वर्षं बोलली नाहीस?"

तिनं पानं नीट जुळवली, जुडीला दोरा गुंडाळला आणि म्हणाली, "त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, पोरी, तू बोलू नको. करील तो. माझ्या हयातीत न्हाई, पण करील."